अक्षरांची संवय

कोणताहि मराठी शब्दकोश उघडावा आणि त्यांत ळ या अक्षरानें आरंभ होणारे किती शब्द आहेत तें पाहावें. एकहि सांपडणार नाहीं. ण या अक्षराची स्थितिहि जवळजवळ तीच. जैनांच्या प्राकृतांतून आलेला णमोकार सोडला, तर दुसरा शब्द आठवण्यास बराच वेळ लागेल. हीं अक्षरें दुर्मिळ आहेत असें मात्र नव्हे. वेळ, फळ, मूळ, डोळा, पाणी, लोणी, कोण, आणि, या शब्दांवांचून मराठी माणसाचा दिवस सरत नाहीं. माजघरांत आणि परसांत हीं अक्षरें खुशाल वावरतात. ओसरीवर तेवढीं येत नाहींत. उलट आ, इ, उ हे स्वर आपल्या पूर्ण रूपानें बहुधा शब्दाच्या दारांतच उभे असतात. आंत गेले कीं ते काना, वेलांटी, उकार असा वेष घेतात. आई, भाऊ, काऊ अशा थोड्याच घरांत त्यांचें मूळ रूप आंतहि दिसतें.

हा नियम कोणत्याहि वैयाकरणानें सभा भरवून केलेला नाहीं. तो आपण आईच्या मांडीवर शिकलों, आणि शिकलों हेंहि विसरलों. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळीं जुळाऱ्याला मात्र तो पुस्तकावांचून ठाऊक असे. कोणता खण आधीं रिकामा होतो आणि कोणत्या खणांत धूळ बसते, हें त्याच्या बोटांना कळे. तारायंत्राची लिपि सिद्ध करतांना मोर्स याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यानें छापखान्यांतील टाइपांच्या साठ्यावरूनच इंग्रजी अक्षरांचें मान काढलें, असें सांगतात. इंग्रजींत सर्वांत अधिक लागणाऱ्या 'ई' या अक्षरास म्हणून एकच टिंब मिळालें.

माणूस लिहितो तेव्हां त्याचें चित्त अर्थाकडे असतें. कोणतें अक्षर किती वेळां आलें, शब्दाच्या कोणत्या बाजूस बसलें, त्याच्या शेजारीं कोण आलें, याकडे त्याचें लक्षहि नसतें. आणि तरी त्याच्या प्रत्येक पानावर हा हिशेब बिनचूक उमटतो. म्हणजे एकाच पानावर दोन लेख असतात: एक आपण बुद्ध्या लिहिलेला, आणि दुसरा आपल्या हातून न कळत लिहिला गेलेला. पहिला आपला आहे यांत वाद नाहीं. दुसरा वाचण्याचा अधिकार कोणाला, आणि वाचल्यावर त्याचें काय करावें, हा मात्र मला नीतीचा प्रश्न वाटतो. वऱ्हाडांत या प्रश्नाचें एक मोठें उदाहरण घडून गेलें आहे. एक अगदीं लहान उदाहरण माझ्या स्वतःच्या हातून घडलें आहे. दोन्ही सांगतों.

अमरावती जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें गांव आहे. गोविंदप्रभूंचें हें स्थान. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि त्यांच्याबरोबरची मंडळी येथें गोविंदप्रभूंच्या सेवेस येऊन राहिली. आणि स्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून, एकाची दुसऱ्याशीं ताडून पाहून, म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आरंभींचा मोठा ग्रंथ. धवळे रचणारी महदंबा याच मंडळींतली. आतां रिद्धपुरास मराठी भाषेचें विद्यापीठ उघडलें आहे, तें याच पूर्वपुण्याईवर.

परंतु या पंथाचे ग्रंथ पुढें शेंकडों वर्षें बाहेरच्या कोणास वाचतां आले नाहींत. चौदाव्या शतकापासून महानुभावांनीं आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत उतरविण्यास प्रारंभ केला. सकळ लिपि ही त्यांत मुख्य; ती रवळोबासांनीं केली असें परंपरा मानते. तिच्याखेरीज सुंदरी, वज्र, अंक, सुभद्रा अशा आणखीहि लिप्या होत्या. स्वामींचीं वचनें अनधिकाऱ्याच्या हातीं पडूं नयेत, धामधुमीच्या काळांत त्यांची विटंबना होऊं नये, हा त्यामागचा हेतु सांगतात. लीळाचरित्राची मूळ प्रतच एका धाडींत नाहींशी झाली आणि पुढें ती स्मरणावरून सिद्ध करावी लागली, ही पंथाची आठवण लक्षांत घेतली म्हणजे ही भीति पोकळ होती असें म्हणवत नाहीं.

या गुप्ततेची किंमतहि पंथानें फार मोठी दिली. ज्यांना पोथी वाचतां येईना त्यांनीं ती आपल्या मनानें वाचली. काळीं वस्त्रें, निराळा आचार आणि न उकलणारीं अक्षरें, एवढ्या सामग्रीवर लोकांनीं नाना कुतर्क उभे केले. 'महानुभाव' या आदराच्या शब्दाचा 'मानभाव' झाला, आणि ढोंगाला 'मानभावीपणा' म्हणण्याचा प्रघात पडला. सुशिक्षित घरांतूनहि हा शब्द आज सर्रास ऐकूं येतो. तो कोणाच्या अंगावर जाऊन पडतो याची बोलणाऱ्याला दादहि नसते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या प्रयत्नांनीं या लिप्यांचा उलगडा झाला. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालीं निघालें. आणि मलकापूर तालुक्यांतील नरवेल गांवीं जन्मलेले वि. भि. कोलते यांनीं तर आपलें सारें आयुष्य या वाङ्मयाला वाहिलें. त्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. संशोधकाला किल्ली मिळण्याचे मार्ग अनेक असतात; कधीं ती पोथीच्याच मागच्या पानावर असते, कधीं कोणी विश्वासानें हातांत ठेवतो. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, किल्ली मुळींच मिळाली नसती तरीहि हीं कुलपें उघडण्यासारखीं होतीं.

याचें कारण अक्षरांची संवय. समजा, लेखकानें क च्या जागीं त्रिकोण काढला आणि ळ च्या जागीं वर्तुळ. रूप बदललें, स्वभाव बदलला नाहीं. पूर्वीं जें अक्षर शब्दाच्या आरंभीं कधीं येत नसे, तें आतां वर्तुळ होऊनहि आरंभीं येत नाहीं. वारंवार येणारें अक्षर नव्या वेषांतहि वारंवारच येतें. वेषांतर केलेला मनुष्य चालण्याच्या ढबीवरून ओळखावा, तशी ही ओळख आहे. त्यांतून लीळाचरित्रासारखा ग्रंथ असेल तर संवादांची रेलचेल. सर्वज्ञ म्हणाले, भटानें विचारलें, या अर्थाचीं वाक्यें पानोपानीं. तोच चिन्हांचा पुंजका पुन्हां पुन्हां त्याच त्या ठिकाणीं दिसूं लागला कीं पहिली फट पडली. एका फटींतून दोन अक्षरें हातीं लागतात, दोहोंवरून चार, आणि एकदां क्रियापदाचा शेवट सांपडला कीं पुढचें काम केवळ चिकाटीचें.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे, कारण पोथी न पाहिलेल्या वाचकास तिची कल्पना नसते. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत. ओळ म्हणजे अक्षरांची एक सलग माळ; मध्यें दंड आला तर आला. मग शब्दाचा आरंभ कोणता आणि शेवट कोणता? तेंहि मोजणीनेंच काढावें लागतें. दंडाच्या अगोदर कोणतीं चिन्हें वारंवार येतात हें पाहावयाचें, म्हणजे वाक्याचे, आणि म्हणून शब्दाचे, शेवट कळतात. तेच पुंजके ओळीच्या मध्यें दिसले कीं तेथेंहि शब्द संपत असावा असें अनुमान करावयाचें. या रीतीनें ज्याला शब्द कोठें तुटतो हेंहि ठाऊक नाहीं, तो मनुष्य केवळ मोजून शब्दाच्या भिंतींपर्यंत पोंचतो. मला हें नेहमीं अद्भुत वाटत आलें आहे.

ही विद्या नवी नव्हे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणून गुप्त लेखन गणलें आहे, आणि यशोधराच्या जयमंगला टीकेंत अक्षरांच्या जोड्या लावून त्यांची अदलाबदल करण्याची मूलदेवीय रीति दिली आहे. ख च्या जागीं ग, ग च्या जागीं ख, अशी. कुलूप करणारे आपल्याकडे होते. तें मोजून उघडण्याची रीति नवव्या शतकांत बगदाद येथें अल् किंदी यानें लिहून ठेविली: उघड्या भाषेंतील अक्षरें मोजा, झांकलेल्या लेखांतील चिन्हें मोजा, आणि अधिकाला अधिक, उण्याला उणें लावून पाहा.

परंतु अल् किंदीच्या या रीतींत एक अट गृहीत आहे, आणि माझ्या साऱ्या विवेचनाचा भार तिच्यावर आहे. झांकलेला लेख कोणत्या भाषेंत आहे हें ठाऊक पाहिजे. तें नसेल तर मोजणी दारापर्यंत नेते आणि तेथेंच उभी करते. सिंधु संस्कृतीच्या मुद्रांचें उदाहरण घ्या. इरावतम् महादेवन् यांनीं १९७७ सालीं त्या लेखांची सूचि छापली. कुंभासारखें दिसणारें चिन्ह सर्वांत अधिक वेळां येतें आणि तें बहुधा लेखाच्या अखेरीस येतें, हें तींत स्पष्ट दिसतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं संशोधकांनीं इतरांच्या साह्यानें २००९ सालीं असें दाखविलें कीं, या चिन्हांची मांडणी फार मोकळीहि नाहीं आणि फार ताठहि नाहीं. बोलीभाषांची असते तशी मधली आहे. त्यावरहि वाद झाला, कारण हीं चिन्हें म्हणजे लेखनच नव्हे असें मानणारा एक पक्ष त्याअगोदर पुढें आला होता. मुद्रा मुक्याच राहिल्या. अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांतल्या चर्मपत्रावर लिहिलेली एक चमत्कारिक पोथी आहे; ज्या पुस्तकविक्यानें ती १९१२ सालीं विकत घेतली त्याच्या नांवावरून तिला व्हॉयनिचची पोथी म्हणतात. तिच्यांत कोणतें चिन्ह शब्दाच्या आरंभीं, कोणतें शेवटीं, कोणाच्या पाठोपाठ कोण, याचे निर्बंध आपल्या ळ आणि ण यांच्याहूनहि कडक आहेत. शिस्त इतकी, आणि अर्थ एका शब्दाचाहि नाहीं.

महानुभावांच्या पोथ्या उघडल्या आणि या उघडल्या नाहींत, याचें कारण संशोधकांच्या बुद्धींत नाहीं. त्या पोथ्या मराठींत होत्या, हें कारण.

आतां अधिकाराचा प्रश्न. श्रद्धाळू महानुभाव विचारील: कडी कच्ची निघाली म्हणून चोर पाहुणा ठरतो काय? आमच्या पूर्वजांनीं हें झांकून ठेविलें होतें. तुम्हांला तें उघडतां आलें हें तुमचें कौशल्य. उघडण्याची परवानगी त्यांत कोठें आली? हा आक्षेप मला क्षुद्र वाटत नाहीं. विद्वानांची एक खोड अशी आहे कीं, आपल्याला जें साधतें तें करण्याचा आपल्याला अधिकार आहे असें ते धरून चालतात. 'ज्ञान सर्वांचें आहे' हें त्यावरचें ठरलेलें उत्तर. पण तें उत्तर सरसकट लावण्याची माझी तयारी नाहीं. एखाद्या विधवेच्या पेटींत निघालेलीं पत्रें, केवळ तीं वाचतां येतात म्हणून, सर्वांचीं होत नाहींत.

तरीहि या प्रकरणीं मी उघडणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याचें कारण मला खुद्द पंथाच्या इतिहासांतच सांपडतें. नागदेवाचार्यांचे शिष्य केशवराज सूरि हे संस्कृताचे पंडित. त्यांनीं संस्कृतांत ग्रंथरचना करूं पाहिली तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस अडविलें. असें केल्यानें माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या या लाभास मुकतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ही आठवण प्रसिद्ध आहे. ज्या काळीं धर्माचें गूढ संस्कृतांत ठेवणें हेंच उत्तम कुलूप होतें, त्या काळीं या पंथानें तें कुलूप आपल्या हातानें काढलें. पुढच्या पिढ्यांनीं अक्षरांना वेष चढविले खरे. पण भाषा तीच ठेविली. आणि भाषा ही कोणा एकाची नसते. जो मराठींत लिहितो त्यानें मराठी बोलणारा प्रत्येक जण आधींच घरांत घेतलेला असतो. मग दाराला त्यानें कसलेंहि कुलूप लावावें. ळ आरंभीं येत नाहीं हें गुपित रवळोबासांचें नव्हतें. तें रिद्धपूरच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या बाईलाहि ठाऊक होतें, फक्त आपल्याला तें ठाऊक आहे हें तिला ठाऊक नव्हतें. लिपीला फट पडली ती त्या बाईमुळें. तिच्यासाठींच जें मराठींत आलें होतें तें पुन्हां तिच्या हातीं पडलें, तर त्यांत अन्याय झाला असें मला म्हणतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे. लिपि उलगडली म्हणजे पोथी कळली असें नाहीं. शब्द वाचतां आले तरी त्यांतील पारिभाषिक अर्थ, स्थळांच्या खुणा, पाठभेदांचें कारण, हें सारें मठांतल्या निरूपणाच्या परंपरेंत होतें. कांहीं महंतांनीं आपले संग्रह आपण होऊन संशोधकांपुढें मांडले, तेव्हां तें बाहेर आलें. मोजणीनें जें मिळालें तें घेतलेलें. यांनीं दिलें तें दिलेलें. दोहोंत जो फरक आहे तो पुस्तकांच्या प्रस्तावनांत एका आभाराच्या ओळींत आटोपला जातो, याचें मला वाईट वाटतें.

येथवरचें उदाहरण मोठ्या माणसांचें. आतां माझें.

कांहीं वर्षांपूर्वीं अकोल्यास एका निबंधस्पर्धेच्या वह्या तपासण्यासाठीं माझ्याकडे आल्या. स्पर्धक आठवी-नववींतील मुलें. पक्षपात होऊं नये म्हणून वहीवर नांव नाहीं, शाळा नाहीं, गांव नाहीं; केवळ क्रमांक. व्यवस्था उत्तम होती. त्यांतल्या एका वहींत पहिल्या अर्ध्या पानाच्या आंतच मला लिहिणारा कोण आहे तें कळलें. नांव नव्हे, परंतु घर कळलें. 'शाळा' च्या जागीं एकदां 'शाया' पडला होता आणि खोडून दुरुस्त केला होता. 'डोयां' तसाच राहिला होता. 'पाणी' सर्वत्र 'पानी'. आणि जेथें न हवा तेथें, बहुधा मास्तरांच्या धाकानें, ण आला होता: 'मण', 'जीवण', 'आणंद'. वऱ्हाडी बोलींत ण चा उच्चार न असा होतो आणि ळ पुष्कळ ठिकाणीं य होतो, हें इकडच्या कोणासहि सांगावयास नको. आमच्या बोलीप्रमाणें लिहूं गेलें तर कोशांतले ळ आणि ण ओसरीवरूनच काय, माजघरांतूनहि निघून जातील, आणि न व य यांची गर्दी होईल. शहरांतला मुलगा हा फरक घरींच शिकून येतो. हा मुलगा शहरांतला नव्हता, त्याच्या घरीं कोणी शिकलेलें नव्हतें, आणि तो वही लिहितांना भीत होता. क्रमांकाच्या झांकणाखालचें इतकें सारें मीं न आणि ण मोजून वाचलें.

वाचलें यांत दोष नाहीं. डोळे मिटून तपासणी होत नाहीं. दोष पुढें झाला. मीं तांबडी पेन्सिल हातांत घेतली आणि 'पानी' खालीं रेघा ओढीत गेलों. वही संपली तेव्हां पानें तांबडीं झालीं होतीं. शुद्धलेखनाचे गुण शून्यावर आले, आणि माझ्या मनाची जी अढी बसली तिनें आशयाचेहि गुण ओढून खालीं आणले. दुसऱ्या एका वहींत थोर पुरुषांचीं वचनें ओळीनें मांडलेलीं होतीं आणि एकहि ण चुकलेला नव्हता. त्या वहीस मीं हात मोकळा सोडला.

चार दिवसांनीं, वह्या परत गेल्यावर, मला तो निबंध आठवूं लागला. विषय 'माझें गांव' असा कांहींसा होता. मुलानें लिहिलें होतें तें पाण्याविषयीं. अकोल्याच्या पूर्णेकाठचा खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणें नको: विहीर खणावी तर पाणी लागतें, पण तें खारें, पीक घेतां येत नाहीं, पिववत नाहीं. घरांत पाहुणा आला कीं आई आधीं गोड्या पाण्याच्या हंड्याकडे पाहते आणि मग पाहुण्याकडे, असें त्यानें लिहिलें होतें. इतर कोणाच्याहि वहींत असें वाक्य नव्हतें. आणि विषय पाणी होता म्हणून 'पानी' हा शब्द ओळीओळीला येत होता. मीं ज्या असंख्य चुका मोजल्या ती चूक एक होती. एका चुकीची शिक्षा मीं त्याला ती जितक्या वेळां घडली तितक्या वेळां दिली. आणि ती तितक्या वेळां घडली ती त्याला कांहींतरी सांगावयाचें होतें म्हणून. ज्यांना सांगावयाचें नव्हतें त्यांनीं पाण्याचें नांव एकदां घेऊन सोडून दिलें, आणि ते निर्दोष ठरले.

संशोधकांच्या कृतीशीं मीं माझी कृति मनांत ताडून पाहिली, आणि मला समाधान वाटेना. त्यांनींहि झांकलेलें वाचलें, मींहि वाचलें. साधन एकच, अक्षरांच्या संवयी. परंतु त्यांनीं संवयीच्या वाटेनें जाऊन लेखकाला जें म्हणावयाचें होतें तें गांठलें. मी संवयीपाशींच थांबलों आणि म्हणणें बाहेर ठेविलें. संवय ही वाट आहे तोंवर ठीक. ती न्यायासनावर बसविली कीं माणसाच्या हेतूला जागा उरत नाहीं.

याच संदर्भांत मला रशियांतील एका वादाची आठवण होते. मॉस्कोचे गणिती पावेल नेक्रासोव यांनीं १९०२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, विवाह, गुन्हे इत्यादिकांच्या आंकड्यांत वर्षानुवर्षें जी स्थिरता दिसते ती घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्याशिवाय येऊं शकत नाहीं. म्हणून ही स्थिरता म्हणजे मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याचा पुरावाच होय. सेंट पीटर्सबर्गचे आंद्रेई मार्कोव यांना हें गणितहि मान्य नव्हतें आणि हें ईश्वरशास्त्रहि मान्य नव्हतें. एकमेकांत गुंतलेल्या घटनांतूनहि तशीच स्थिरता निघते हें त्यांनीं १९०६ सालीं सिद्ध केलें. आणि १९१३ सालीं उदाहरण म्हणून पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' या काव्यांतलीं आरंभींचीं वीस हजार अक्षरें मोजून दाखविलीं. स्वर निघाले ८,६३८, व्यंजनें ११,३६२. परंतु स्वरानंतर लगेच स्वर येण्याचें मान हजारीं १२८ पडलें, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचें हजारीं ६६३. म्हणजे प्रत्येक अक्षर मागच्या अक्षराशीं बांधलेलें. आणि तरी एकंदर मान स्थिर. पुढचें अक्षर मागच्यावरून अजमावण्याची हीच कल्पना क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं पुढें नेली, आणि आज यंत्रें सारीं वाक्यें रचतात त्यांच्या मुळाशींहि ती आहे.

या वादांत मार्कोव जिंकले असें गणिताचा इतिहास सांगतो, आणि तें खरें आहे. परंतु त्यांच्या विजयाचा अर्थ पुष्कळ जण भलताच करतात. इच्छा स्वतंत्र नाहीं असें त्यांनीं दाखविलें नाहीं. आंकड्यांच्या स्थिरतेवरून इच्छेविषयीं इकडेहि कांहीं सांगतां येत नाहीं आणि तिकडेहि नाहीं, एवढेंच दाखविलें. पुश्किनची वीस हजार अक्षरें साखळींत बांधलेलीं होतीं म्हणून काव्य साखळीनें लिहिलें असें ठरत नाहीं. ज्या भाषेंत तो जन्मला तिची साखळी त्याच्या हातांत होती, आणि तिनेंच त्यानें आपल्याला हवें तें ओढून आणलें. त्या मुलाच्या हातांत वऱ्हाडी बोलीची साखळी होती. तिच्या कड्या निराळ्या आहेत हा त्याचा हेतु नव्हता, त्याचा अपराध तर मुळींच नव्हता. आणि पाहुण्याआधीं हंड्याकडे पाहणारी आई त्यानें तिनेंच ओढून आणली होती.

शुद्धलेखन नको असें कोणी यावरून म्हणूं लागलें तर मी त्याच्या पंक्तीस बसणार नाहीं. मन आणि मण, कान आणि काण यांतला भेद लेखनांत टिकला पाहिजे. मुंबईच्या वाचकाला अकोल्याचा आणि अकोल्याच्या वाचकाला सावंतवाडीचा लेख सारखाच कळावयाचा तर कोठेंतरी एक ठरलेलें रूप असावें लागतें. तें रूप आमच्या बोलीवरून ठरलें नाहीं, याचा मला राग नाहीं. थोडीशी खंत आहे. मी स्वतः घरीं 'पानी' म्हणतच वाढलों. माझी आई अजूनहि तसेंच म्हणते. शाळेंत माझाहि न कोणी तरी तांबड्या रेघेनें ण केला, आणि तो इतका पक्का झाला कीं पुढें दुसऱ्याच्या न वर रेघ ओढतांना माझा हात जरासुद्धां अडखळला नाहीं.

स्पर्धेचा निकाल लागून गेला होता. मीं व्यवस्थापकांकडे जाऊन ती वही पुन्हां पाहावयास मिळेल काय म्हणून विचारलें. वह्या रद्दींत गेल्या होत्या. क्रमांकांची यादी त्यांच्याजवळ होती, परंतु मला त्या वहीचा क्रमांक आठवत नव्हता. तेव्हांपासून वह्या तपासतांना मी प्रथम पेन्सिल दूर ठेवून सारी वही एकदां वाचून काढतों, आशयाचे गुण त्याच वेळीं लिहून ठेवतों, आणि मग शुद्धलेखनाकडे वळतों. एकच चूक दहा वेळां झाली तर ती एकदांच धरतों. यानें तपासणीस दुप्पट वेळ लागतो, आणि वह्या उशिरां परत येतात अशी माझ्याविषयीं तक्रारहि आहे.